पंप कपाटात नको, हाताशी हवा

(रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये भरलेल्या रेल्वे व टपाल कामगारांच्या कुटुंब मेळाव्यात शाखा सचिवांनी केलेले भाषण)



मेळाव्याची नोटीस बोर्डावर लागली तेव्हा काही साथींनी मला थांबवून विचारले, "सचिवसाहेब, महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा हे विषय सोडून युनियनने हा मुलांच्या दम्याचा विषय कुठून काढला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधी देतो.

शाखेच्या कचेरीत रजेसाठी, ड्यूटी बदलण्यासाठी, बदली रद्द करण्यासाठी जे अर्ज येतात, त्यांतले कितीतरी मी स्वतः वाचतो. "मुलाची छाती भरते", "मुलीला रात्री धाप लागते", "दर पंधरा दिवसांनी दवाखाना" हे शब्द त्यांत वारंवार येतात. रात्रभर मूल मांडीवर बसवून जागलेला पॉइंट्समन सकाळी सहाला ड्यूटीवर उभा राहतो. रात्रपाळी करून आलेला आर.एम.एस.चा सॉर्टर दिवसा झोपण्याऐवजी मुलाला घेऊन दवाखान्याच्या रांगेत बसतो. हा प्रश्न पगाराचा, रजेचा, सुरक्षेचा आणि त्याहून अधिक म्हणजे मुलाच्या जिवाचा आहे. मग तो युनियनचा का नाही?

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस आहे, डॉक्टर नव्हे. आज जे सांगणार आहे ते डॉक्टर मंडळींकडून ऐकलेले, लिहून घेतलेले आणि पुन्हा त्यांना दाखवून खात्री केलेले आहे. कोणत्या मुलाला कोणते औषध किती द्यायचे, हे मात्र त्या मुलाला तपासणारा डॉक्टरच ठरवील. ते काम माझे नाही, शेजाऱ्याचे नाही आणि औषधाच्या दुकानदाराचेही नाही.

दमा म्हणायला आपण घाबरतो

मे महिन्याचा पहिला मंगळवार जागतिक दमा दिन म्हणून पाळला जातो. जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१९ च्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात सुमारे साडेतीन कोटी लोकांना दमा आहे. जगातील दमेकऱ्यांपैकी साधारण तेरा टक्के आपल्याकडे, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक आपल्याकडे. आजार तोच आणि औषधेही तीच. मग आपल्याकडेच माणसे जास्त का दगावतात? औषध उशिरा सुरू होते, अर्ध्यावर सुटते, किंवा घरात असूनही वापरले जात नाही, हे त्याचे एक मोठे कारण आहे.

उशिराची सुरुवात नावापासून होते. आपल्या घरात कोणी "दमा" असे म्हणत नाही. "छातीत कफ आहे", "सर्दी उतरली आहे", "ॲलर्जी आहे", "बाळदमा आहे, मोठेपणी जाईल" असे म्हणतो. डॉक्टरही आईबाप घाबरतील म्हणून कधी "ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस" असे लिहून देतात. नाव बदलले म्हणून आजार बदलत नाही, उपचार मात्र लांबतो. कितीतरी मुले महिनोन् महिने खोकल्याची बाटली आणि अँटिबायोटिक घेत राहतात.

मग ओळखायचे कसे? खोकला रात्री आणि पहाटे वाढतो. श्वास सोडताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. मूल धावले, हसले किंवा रडले की खोकल्याची उबळ येते. सर्दी इतर मुलांची चार-पाच दिवसांत जाते, याची छातीत उतरून रेंगाळते. घरात कोणाला दमा, शिंकांची ॲलर्जी किंवा इसब असते. ही लक्षणे पुन्हा पुन्हा येत असतील तर मुलाला बालरोगतज्ज्ञाला दाखवा. पाच वर्षांखालील पुष्कळ मुलांची छाती नुसत्या सर्दीनेही वाजते आणि पुढे ती बरी होतात, म्हणून लहान मुलात डॉक्टर काही काळ पाहून मगच ठरवतात. पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलाला नळीत फुंकायला लावून श्वासाचा जोर मोजता येतो.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दमा संसर्गजन्य नाही. दमा असलेल्या मुलाबरोबर जेवल्याने, खेळल्याने, झोपल्याने तो कोणाला होत नाही.

छातीत काय होते

आपल्या फुप्फुसांत हवा नेणाऱ्या नळ्या असतात. दमा असलेल्या मुलाच्या नळ्या आतून कायम थोड्या सुजलेल्या आणि चिडक्या असतात. मूल हसतखेळत असते तेव्हाही ती सूज असते, फक्त दिसत नाही. अशात धूर, धूळ, सर्दी किंवा थंड हवा लागली की तीन गोष्टी एकदम घडतात. नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आतली सूज वाढते आणि चिकट कफ साठतो. वाट अरुंद होते. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते. म्हणून शिट्टी वाजते आणि मूल श्वासासाठी धडपडते.

हे समजले की औषधे दोन प्रकारची का असतात तेही समजते. आपण रेल्वेची माणसे आहोत, आपल्या भाषेत सांगतो. गाडी रुळावरून घसरली की दुर्घटना मदत गाडी धावते. ती हवीच, आणि ती तयारच उभी असावी लागते. पण मदत गाडी आहे म्हणून कोणी लाइनची देखभाल बंद करतो का? ट्रॅकमन रोज मैलोन् मैल चालून रूळ तपासतो, म्हणूनच मदत गाडी क्वचित लागते.

साल्बुटामॉलचा पंप, जो ॲस्थालिन या नावाने बहुतेकांना ठाऊक आहे, ही मदत गाडी. तो आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो. त्याचा परिणाम चार-सहा तास टिकतो, पण आतली सूज त्याने जात नाही. दुसरा पंप ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन किंवा फ्ल्युटिकासोन यांसारख्या औषधाचा. तो सूज कमी करतो. ही रोजची देखभाल. तो घेतल्याबरोबर काही जाणवत नाही, फरक दिसायला दिवस-आठवडे लागतात. मुलाला बरे वाटू लागले की आपण नेमका हाच पंप बंद करतो, आणि महिन्याभरात मूल पुन्हा दवाखान्यात असते. बरे वाटते ते त्या औषधामुळे. ते कमी करायचे असेल तर डॉक्टर काही महिने पाहून पायरीपायरीने कमी करतात. काहींना दोन्ही कामे करणारा एकच पंप देतात. आपल्या घरी कोणता पंप कशासाठी आहे ते डॉक्टरांना विचारून त्यावर मराठीत चिठ्ठी चिकटवा: "रोजचा" आणि "धाप लागल्यावरचा".

सवय, स्टेरॉइड आणि "शेवटचे औषध"

आता पंपाविषयी जे बोलले जाते त्याकडे येतो. पहिला समज असा की पंपाची सवय लागते. चष्म्याची सवय लागते का? डोळ्याला गरज आहे तोवर चष्मा लागतो. पंपात नशेचे काही नसते.

दुसरी भीती स्टेरॉइडची. ही भीती पूर्ण खोटी आहे असे मी म्हणणार नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर शरीरावर परिणाम होतात, हे खरे आहे. पण गोळीची मात्रा मिलिग्रॅममध्ये असते आणि पंपाची मायक्रोग्रॅममध्ये. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. गोळी सगळ्या रक्तातून फिरते, पंपाचे औषध थेट फुप्फुसात काम करते. बरीच वर्षे पंप घेतलेल्या मुलांच्या उंचीत सरासरी एखाद्या सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, असे अभ्यासात दिसले आहे. दुसऱ्या बाजूला आटोक्यात नसलेला दमा मुलाची झोप, भूक, शाळा आणि वाढ सगळेच खातो, कधी जीवही घेतो. हिशेब तुम्हीच करा.

तिसरा समज असा की पंप हा शेवटचा उपाय, आणि आधी गोळ्या, सिरप, वाफ. खरे पाहता मुलासाठी पंप हाच पहिला उपाय आहे. सिरप पोटातून रक्तात जाऊन उशिरा काम करते आणि त्याने हात थरथरतात, छाती धडधडते. साध्या किंवा मध्यम झटक्यात स्पेसर लावून दिलेला पंप हा नेब्युलायझरच्या मशीनइतकाच काम करतो. गरम पाण्याची वाफ दम्याच्या झटक्यात उपयोगी नाही, आणि भांडे उलटून मूल भाजते ते वेगळेच.

हा पंप निघाला कसा, तेही ऐकण्यासारखे आहे. १९५५ साली अमेरिकेतील रायकर या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. काचेच्या नाजूक फवारणीयंत्राला कंटाळून तिने वडिलांना विचारले की केसांच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डब्यात का भरता येत नाही? वडिलांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. १९५६ मध्ये मोजून फवारा देणारा पहिला पंप बाजारात आला. पुढे १९६९ मध्ये साल्बुटामॉल आणि १९७२ मध्ये बेक्लोमेथासोनचा पंप आला. आपण ज्याला "शेवटचे औषध" म्हणतो, ते मुळात एका मुलीच्या सोयीसाठी तयार झाले.

पंप द्यायचा कसा

पंप आहे, पण औषध फुप्फुसात पोहोचत नाही, अशी घरे पुष्कळ आहेत. नुसता पंप तोंडात दाबला तर बरेचसे औषध घशातच आपटते. म्हणून प्रत्येक मुलाला स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचे ते पोकळ नळकांडे, हवेच. लहान मुलाला त्यावर मास्क लागतो. चार-पाच वर्षांच्या पुढे मूल तोंडाने ओढू शकते.

रीत अशी. मुलाला सरळ बसवा किंवा उभे करा. पंप चांगला हलवा. स्पेसरला जोडा. मास्क नाकातोंडावर घट्ट बसवा, किंवा मोठ्या मुलाला नळी ओठांत घट्ट धरायला सांगा. पंप एकदाच दाबा. मुलाला पाच-सहा वेळा शांतपणे श्वास घेऊ-सोडू द्या. दुसरा फवारा द्यायचा असेल तर अर्धा मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा आणि मग दाबा. दोन फवारे एकदम दाबू नका. रोजचा पंप झाला की मुलाला चूळ भरायला लावा, मास्क वापरला असेल तर तोंडही पुसा. नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. स्पेसर महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळत ठेवा. फडक्याने पुसला तर प्लास्टिकमध्ये वीज साठून औषध भिंतीलाच चिकटते.

पंप संपला कधी हेही कळले पाहिजे. बहुतेक पंपांत मोजके फवारे असतात, ॲस्थालिनमध्ये दोनशे. संपल्यावरही डब्यातून फुस्स आवाज येतच राहतो आणि आपल्याला वाटते औषध आहे. फवारे मोजणारा काटा नसेल तर हिशेब ठेवा. दोनशे फवाऱ्यांच्या रोजच्या पंपातून सकाळी दोन आणि रात्री दोन फवारे दिले तर तो पन्नास दिवसांत संपतो. सुरू केल्याची तारीख पेनाने डब्यावर लिहा.

आडमार्गावरच्या स्टेशनवर स्पेसर मिळाला नाही तर काय? १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला पंपाचे तोंड घट्ट बसेल एवढे भोक पाडले आणि फट बुजवली, तर मुलांच्या झटक्यात ती विकतच्या स्पेसरइतकेच काम करते. मूल बाटलीच्या तोंडातून श्वास घेते. ही तात्पुरती सोय आहे, पण वेळेला जीव वाचवणारी आहे.

एका घराची गोष्ट

आमच्या डिव्हिजनमधील एका लहानशा स्टेशनावर २०१७ च्या डिसेंबरमध्ये एका कामगाराचा नऊ वर्षांचा मुलगा गेला. मी त्या घरी गेलो होतो. वडील रात्रपाळीवर होते. मध्यरात्रीनंतर मुलाला धाप लागली. आईने पाठीला बाम चोळला, वाफ दिली, उशी देऊन आडवे निजवले आणि सकाळच्या गाडीची वाट पाहिली. सकाळी मूल शांत झाले असे तिला वाटले. ते थकले होते. गाडी येण्याआधीच सगळे संपले. साल्बुटामॉलचा पंप घरातच होता, कपाटाच्या वरच्या फळीवर, सील न फोडलेला. "सवय लागेल, अगदीच जिवावर आले तर वापरा" असे कोणीतरी सांगितले होते. अगदी जिवावर आले म्हणजे काय, हे त्या माउलीला कोणी सांगितले नव्हते. पंप हातात धरून दाखवायला कोणाला दोन मिनिटे मिळाली नव्हती.

ही गोष्ट मी त्या आईबापाला दोष देण्यासाठी सांगत नाही. ज्या दवाखान्यात डॉक्टर एकटा आणि रांगेत शंभर रोगी, तिथे दोन मिनिटे कुठून येणार? ती दोन मिनिटे आपण मागून घेतली पाहिजेत, आणि मिळाली नाहीत तर एकमेकांना दिली पाहिजेत. म्हणून आजचा हा मेळावा.

हिरवा, पिवळा, लाल

डॉक्टरांकडून एका कागदावर मुलाची योजना लिहून घ्या. जगभर ही योजना तीन रंगांत लिहितात. ते रंग आपल्याला कोणी शिकवायला नकोत.

हिरवा सिग्नल: मूल रात्री शांत झोपते, खेळते, खोकला नाही. रोजचा पंप चालू ठेवायचा. गाडी चालू आहे म्हणून देखभाल थांबवायची नाही.

पिवळा सिग्नल: सर्दी झाली, रात्री खोकल्याने जाग येते, धावताना दम लागतो, आरामाचा पंप वारंवार लागतो. आता सावध व्हायचे. योजनेत लिहिल्याप्रमाणे औषध द्यायचे आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवायचे.

लाल सिग्नल: मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नाही. बरगड्यांमधली आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जाते. ओठ किंवा नखे निळसर दिसतात. मूल गळून जाते, झोपाळते. आरामाचा पंप देऊनही फरक नाही, किंवा तीन-चार तासांत पुन्हा धाप. आणि सगळ्यांत फसवे लक्षण म्हणजे धाप असूनही छातीचा आवाज बंद होणे. तो आराम नव्हे, हवा जाणेच थांबत आहे. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा, मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठायचे.

गाडी येईपर्यंत मुलाला किंचित पुढे झुकवून बसवा, आडवे निजवू नका. गळ्याचे बटण सोडा, गर्दी हटवा, आवाज शांत ठेवा. स्पेसरने आरामाच्या पंपाचे फवारे एकेक करून द्या. किती द्यायचे आणि किती मिनिटांनी पुन्हा, हा आकडा योजनेच्या कागदावर आधीच लिहून घेतलेला असला पाहिजे. वाटेतही देत राहा.

दमा आटोक्यात आहे की नाही, हे पाहायला चार प्रश्न आहेत. गेल्या चार आठवड्यांत दिवसाचा त्रास आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त झाला का? रात्री धापेने जाग आली का? आरामाचा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का? खेळणे कमी झाले का? एकाचेही उत्तर "हो" असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

क्वार्टरमधली हवा

आता घराकडे वळू. स्टेशनवर बिडी ओढली तर दंड होतो. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे. क्वार्टरमध्ये मुलाशेजारी ओढली तर पावती फाडणारा कोणी नाही. तिथला दंड मूल भरते. खिडकीत किंवा संडासात ओढली तरी धूर कपड्यांतून घरात येतोच. बंधूंनो, ज्याच्या घरी असे मूल आहे त्याने बिडी-सिगारेट सोडावी, ही माझी हात जोडून विनंती आहे.

डासांची कॉइल, उदबत्ती, धूप, फोडणीचा ठसका, दिवाळीचे फटाके, शेजारी जाळलेला पालापाचोळा हे सगळे धूरच. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. देवापुढे फुले आणि दिवा पुरेसा आहे. झाडताना मुलाला बाहेर पाठवा आणि कोरडे झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. गादी-उशीत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे असतात, म्हणून चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. झुरळांचा बंदोबस्त करा. मालधक्क्यावर सिमेंट किंवा खताच्या रेकवर काम करून येणाऱ्याने आधी आंघोळ करून कपडे बदलावेत, मगच मुलाला उचलावे.

पावसात गळणाऱ्या क्वार्टरच्या भिंतीवर काळी बुरशी चढते. ती पुसून पुन्हा येते, कारण गळती छतात असते. हे काम गृहिणीचे नाही, प्रशासनाचे आहे. त्याबद्दल पुढे बोलतो.

खाण्याबद्दल थोडे. केळी, दही, भात, पेरू, थंड पाणी या सगळ्यांवर बंदी घालून आपण मूल हडकुळे करतो. एखाद्या पदार्थाने खरोखर त्रास होतो असे पुन्हा पुन्हा दिसले तर तेवढाच टाळा, बाकी सगळे खाऊ द्या.

मासा, खीर आणि पंप

मृगशीर्ष नक्षत्र लागले की जूनमध्ये हैदराबादला बत्तिनी घराण्याकडून जिवंत मरळ माशातून दम्याचे औषध दिले जाते. नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर देशभरातून हजारो लोक लोटतात. सिकंदराबादकडच्या आपल्या साथींनी ती गर्दी फलाटावर पाहिली आहे. आपल्याकडे कोजागरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून औषध देतात. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मी शंका घेत नाही, आणि थकलेला बाप कुठेही आशेने जातो हेही मला समजते. पण या औषधांनी दमा जातो असे कसोटीला उतरलेले नाही. तुमची श्रद्धा तुमच्याजवळ. मात्र त्यासाठी रोजचा पंप बंद करू नका आणि प्रवासाला निघताना आरामाचा पंप घरी ठेवू नका. प्राणायामाचेही तेच. मूल बरे असताना जरूर करू द्या. झटका आला असता पंप आधी.

शाळा, मुली आणि प्रवास

दम्याचे मूल खेळू शकते, आणि त्याने खेळले पाहिजे. धावताना दम लागत असेल तर ते औषध कमी पडत असल्याचे लक्षण आहे, खेळ बंद करण्याचे कारण नव्हे. वर्गशिक्षकांना आणि खेळाच्या शिक्षकांना भेटून सांगा, योजनेची एक प्रत शाळेत द्या, दप्तरात आरामाचा पंप आणि स्पेसर ठेवा.

भगिनींनो, मुलींविषयी स्पष्ट बोलतो. मुलगा असेल तर पंप उघड्यावर असतो. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की पंप लपतो. "उद्या लग्नाच्या वेळी कोणी विचारील" म्हणून रोजचे औषध बंद होते, शाळेत न्यायला मनाई होते. लपवलेला पंप लागेल तेव्हा सापडत नाही. सासरी गेल्यावर ती तो कुठे लपवणार आहे? मुलीला ताठ मानेने पंप घ्यायला शिकवा. आमच्या इथल्या एका पोस्टमन बंधूंची मुलगी पंप घेऊनच शाळेच्या खो-खोच्या संघात खेळते, आणि पाठलागात तिला हुकवणे भल्याभल्यांना जमत नाही.

पासावर गावी निघाल्यावर पंप बॅगेत नको, अंगावरच्या पिशवीत हवा. गाडीत त्रास झाला तर १३९ ला फोन करा, टी.टी.ई. किंवा ट्रेन मॅनेजरना सांगा. पुढच्या स्टेशनावर वैद्यकीय मदत मागवता येते. बदली झाली तर मुलाची फाइल आणि दोन महिन्यांचे औषध बरोबर घ्या. नव्या गावची हवा कशी मानवते हे पहिल्या हिवाळ्यापर्यंत कळत नाही.

युनियनने काय करायचे

शेवटी आपल्या कर्तव्यांविषयी. रेल्वे रुग्णालयात पंप किंवा स्पेसर "स्टॉकमध्ये नाही" असे उत्तर मिळाले की निमूट परत येऊ नका. स्थानिक खरेदीतून औषध देण्याची सोय आहे. तारीख आणि औषधाचे नाव लिहून शाखेकडे द्या, आपण ते पी.एन.एम.मध्ये मांडू. साल्बुटामॉल आणि ब्युडेसोनाइड यांचे पंप राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती चैनीची औषधे नव्हेत. गळक्या क्वार्टरची तक्रार करताना "घरात दम्याचे मूल आहे" हे लिहा आणि डॉक्टरांचा कागद जोडा. स्टाफ बेनिफिट फंडातून तपासणी शिबिरे घ्यावीत, असा आग्रह आपले प्रतिनिधी धरतील.

बालसंगोपन रजा महिला कर्मचाऱ्यांना आणि एकट्या पालक पुरुष कर्मचाऱ्यांना मुलाच्या अठराव्या वर्षापर्यंत एकूण ७३० दिवस मिळू शकते. मुलाच्या आजारपणासाठी ती मागता येते. पत्नी हयात असलेल्या पुरुषाला ती मिळत नाही. पण आजारी मूल दोघांचे असते, हे आपण मांडत राहिले पाहिजे.

आपले ग्रामीण डाक सेवक बंधू आणि स्टेशनवरचे कंत्राटी सफाई कामगार यांना आपल्यासारखी दवाखान्याची सोय नाही. त्यांच्या मुलांनाही हीच फुप्फुसे आहेत. त्यांना सरकारी रुग्णालयापर्यंत पोहोचवणे, जनऔषधी केंद्र दाखवणे, कंत्राटदार ई.एस.आय.चा हिस्सा भरतो की नाही ते तपासणे, हे काम कायम नोकरीतल्या आपण सर्वांनी करायचे आहे.

आणि एक काम कॉलनीतच होण्यासारखे आहे. लोको पायलट दोन-दोन दिवस घराबाहेर असतो, गँग लाइनवर असते. मुलाला धाप लागते तेव्हा बाप घरी असेलच असे नाही. म्हणून ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी शेजारच्या दोन घरांना योजनेचा कागद दाखवून ठेवावा आणि पंप कसा द्यायचा ते करून दाखवावे. मेळावा संपल्यावर त्या टेबलाजवळ डॉक्टरसाहेब आणि नर्सबाई थांबणार आहेत. आया आणि बाप, दोघांनीही स्पेसर हातात घेऊन एकदा करून पाहिल्याशिवाय कोणी घरी जाऊ नये.

ज्या एकजुटीने आपण बोनस मिळवला, त्याच एकजुटीने आपण आपल्या मुलांचा श्वास राखू.

कामगार एकजुटीचा विजय असो!